लखोटा सर्वांसमोर उघडावा



घरात बैल घ्यायचा असला म्हणजे आपण काय करतो, ते आठवा. बाजाराला एकटे जात नाही. पारख असलेला एखादा शेजारी बरोबर घेतो. बैलाचे दात बघतो, खूर बघतो, चार पावले चालवून बघतो. दोन-चार ठिकाणी भाव विचारतो आणि मगच कनवटीला हात घालतो. कारण पैसा आपला असतो, आणि फसलो तर घरी जाऊन कारभारणीला तोंड दाखवायचे असते.

आता दुसरे चित्र बघा. शाळेसाठी बाके घ्यायची आहेत, किंवा पाण्याच्या टाकीला पाइप घ्यायचे आहेत. पैसा आहे, पण तो कुणाच्या कनवटीचा नाही. तो सर्वांचा आहे. आणि जे सर्वांचे ते कुणाचेच नाही, असे समजण्याची आपल्याला एक वाईट खोड आहे. बाके येतात, पहिल्या पावसाळ्यात फळ्या फुगतात, दुसऱ्या वर्षी पाय निखळतात आणि तिसऱ्या वर्षी मुले पुन्हा जमिनीवर बसतात. कुणी घेतली, कुणाकडून घेतली, काय भावाने घेतली, हे कुणी विचारीत नाही. विचारले तर ‘नियमाप्रमाणे झाले’ एवढेच उत्तर मिळते.

हे नियम आहेत तरी काय, ते कशासाठी झाले आणि कुणाच्या दुःखातून जन्माला आले, हे आज आपल्याला पाहायचे आहे. त्यासाठी मी तुम्हांला तीन काळांतल्या तीन गोष्टी सांगणार आहे. सरकारी खरेदीत अन्याय होतो तेव्हा तो तीन माणसांवर होऊ शकतो. एक, ज्याचा माल घेतला तो. दुसरा, ज्याच्या पैशाने घेतला तो. आणि तिसरा कोण, ते मी शेवटी सांगेन, कारण तो सहसा कुणाला दिसतच नाही.

पहिली गोष्ट आपल्याच मुलखातली आहे. शिवाजी महाराजांच्या घोडदळाची छावणी पावसाळ्यासाठी चिपळूणच्या बाजूला पडली होती. हळवर्ण या गावी असलेल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना महाराजांनी लिहिलेले एक पत्र आहे. ते १६७३ सालच्या सुमाराचे मानले जाते. शिक्षक मंडळींनी ते वाचले असेलच. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी ते जरूर मिळवून वाचावे, कारण लढाईचा एक शब्दही नसलेले हे पत्र राज्य कसे चालते ते शिकवून जाते.

महाराजांना काळजी होती ती अशी. पावसाळ्याच्या बेगमीचा दाणा आणि वैरण लष्कराने आताच उधळली, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही काय कराल? गावात शिराल. कुणी कुणब्याच्या घरचे दाणे आणील, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी लाकूडफाटा, तर कुणी भाजीपाला. असे झाले म्हणजे जे कुणबी घर धरून जीव जगवून राहिले आहेत तेही निघून जातील, आणि लोक म्हणतील की यांच्यापेक्षा मोगल बरे. म्हणून आज्ञा अशी की ज्याला जे लागेल ते त्याने बाजारात जाऊन, रास्त पैसे मोजून विकत घ्यावे. कुणावर जुलूम करू नये, कुणाशी कलागत करू नये. पुढे बारीकसारीक सूचनाही आहेत. रात्री दिवा तसाच जळत ठेवला, तर उंदीर पेटती वात पळवून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत! ज्या राजाचे लक्ष दिव्याच्या वातीवर आहे, त्याचे कुणब्याच्या भाजीच्या जुडीवर असणारच.

आता या आज्ञेचे मर्म लक्षात घ्या. शिपाई आणि कुणबी यांच्यातला व्यवहार दोन सारख्या माणसांतला नसतो. एकाच्या कमरेला तलवार आहे, दुसऱ्याच्या हातात विळा आहे. शिपाई दारात उभा राहून भाव विचारील तेव्हा कुणबी भाव सांगेल की जीव वाचवील? घेणारा बलवान असला, की ‘खरेदी’ आणि ‘लूट’ यांच्यामधला बांध पुसट होतो. तो बांध घट्ट ठेवण्यासाठी महाराजांनी दोन गोष्टी सांगितल्या. घ्यायचे ते बाजारात, म्हणजे चारचौघांच्या डोळ्यांदेखत. आणि घ्यायचे ते दाम देऊन.

हाच धडा पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात येतो. हा ग्रंथ १७१५-१६ च्या सुमारास सिद्ध झाला. आरमारासाठी लाकूड लागते. सागवान वगैरे स्वराज्याच्या अरण्यातले तोडून न्यावे. पण आंबा आणि फणस? तेही आरमाराच्या प्रयोजनाचे, तरी त्यांना हात लावू नये, असे अमात्य सांगतात. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदीच जुने झाले असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याचे समाधान करून मग तोडावे. बलात्कार सर्वथा करू नये.

‘राजी करून’ आणि ‘पैसे देऊन’ या दोन अटी आहेत, बरं का. नुसते पैसे फेकून भागत नाही. आजही शेकडो पाने भरून खरेदीचे नियम लिहिले जातात, पण विकणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्यांचे सार या दोन शब्दांत येते. गावातल्या लहान पुरवठादाराचे बिल वर्षभर अडकून पडते, खेटे घालून त्याच्या वहाणा झिजतात, तेव्हा हाच जुना नियम मोडलेला असतो. तलवार नसली तरी सहीची लेखणी कुणाच्या हातात आहे, हे तो माणूस जाणून असतो.

ही झाली पहिल्या माणसाची गोष्ट. आता दुसरी. हिच्यात माल विकणारा खुशीत आहे, घेणारा अधिकारीही खुशीत आहे, आणि बुडतो तो तिजोरीचा धनी.

स्थळ बंगाल, साल १७८१. राज्य ईस्ट इंडिया कंपनीचे, गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज. अफूचा व्यापार कंपनीने आपल्या मुठीत घेतला होता आणि अफू गोळा करून कंपनीला पुरवण्याचा मक्ता दिला जाई. मक्ते जाहीर करून द्यावेत आणि जी बोली वाजवी असेल ती घ्यावी, अशी ताकीद विलायतेतल्या संचालकांनी आधीच दिलेली होती. नियम कागदावर होताच. पण १७८१ साली हा मक्ता चार वर्षांसाठी, जाहिरात न करता, स्टीफन सुलिव्हन नावाच्या तरुणाला देण्यात आला. हा तरुण कोण? कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष लॉरेन्स सुलिव्हन यांचा मुलगा.

आता पुढची गंमत पाहा. या गृहस्थाने अफूच्या बोंडाला हातही लावला नाही. त्याने तो मक्ता बेन नावाच्या दुसऱ्या माणसाला चाळीस हजार पौंडांना विकला. बेनने तो यंग नावाच्या तिसऱ्या माणसाला साठ हजार पौंडांना विकला. आणि या तिसऱ्यानेही त्यावर आपला नफा मिळवलाच. आपल्याकडे म्हण आहे, आयत्या बिळावर नागोबा. इथे तर नागोबाने बीळसुद्धा भाड्याने दिले!

हे पैसे आले कुठून, हा खरा प्रश्न आहे. मक्ता चाळीस हजारांना विकला गेला, याचा अर्थ मक्त्याच्या अटी तेवढ्या सैल होत्या. जाहीर बोली झाली असती, तर ती सगळी सूट कंपनीच्या तिजोरीत राहिली असती. वरच्यांनी एकापाठोपाठ एक आपला वाटा काढला, की शेवटच्या मक्तेदाराला तो कुठून तरी भरून काढावा लागतो. आणि ओझे एकदा खाली सरकू लागले म्हणजे ते कुठे येऊन थांबते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

हेस्टिंग्जवर पुढे ब्रिटिश पार्लमेंटपुढे जो महाभियोग चालला, त्यातल्या आरोपांत असल्या मक्त्यांचाही समावेश होता. एडमंड बर्कने फिर्याद चालवली. १७८८ साली सुरू झालेला हा खटला सात वर्षे रेंगाळला, आणि १७९५ साली हेस्टिंग्ज सर्व आरोपांतून सुटला. सुटला तो सुटला. पण त्या खटल्यामुळे मक्ता कुणाला दिला, कशाबद्दल दिला आणि तो पुढे कितीला विकला गेला, हे सगळे भर सभेत बोलले गेले. अंधारातला व्यवहार एकदा उजेडात वाचला गेला की तो पहिल्यासारखा राहत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपल्याला पुढे तो लागणार आहे.

कुणी म्हणेल, ठीक आहे. विकणाऱ्याला दाम मिळाले आणि तिजोरीचे नुकसान झाले नाही, म्हणजे खरेदी चोख झाली. मलाही बरेच दिवस तसेच वाटत असे. पण तिसरी गोष्ट ऐका. ही आपल्या मुंबईतली आहे आणि फार जुनी नाही.

१९७७ सालच्या जानेवारीत मुंबईच्या विमानतळावर दुसऱ्या श्रेणीचे एक उपाहारगृह आणि अल्पोपाहाराची दोन दुकाने तीन वर्षांसाठी चालवायला देण्याची जाहिरात निघाली. विमानतळाचा कारभार एका सरकारी प्राधिकरणाकडे होता. जाहिरातीत अट होती की बोली करणारा नोंदणी असलेला दुसऱ्या श्रेणीचा हॉटेलचालक असावा आणि त्याला निदान पाच वर्षांचा अनुभव असावा. सहा लखोटे आले. त्यांतल्या एकाने महिना ६,६६६ रुपये ६६ पैसे भाडे देऊ केले. बाकीचे त्याच्या पुष्कळ खाली होते. प्राधिकरणाने सर्वांत मोठी बोली स्वीकारली.

वरवर पाहता यात वावगे काय आहे? इथे सरकार घेणारे नव्हते, देणारे होते. म्हणून बोली जितकी मोठी तितका फायदा जास्त. तिजोरीला सर्वांत जास्त पैसे मिळाले. पण बोली जिंकणाऱ्या त्या मंडळींना उपाहारगृहे चालवण्याचा अनुभव असला, तरी ती जाहिरातीत म्हटल्याप्रमाणे दुसऱ्या श्रेणीची नोंदणी असलेली हॉटेलचालक नव्हती. प्राधिकरणाने स्वतःच घातलेली अट स्वतःच सोडून दिली होती.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ४ मे १९७९ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकालपत्र दिले. त्यात सांगितलेली गोष्ट अशी की सरकार हे खाजगी दुकानदारासारखे वागू शकत नाही. दुकानदार आपला माल मर्जीतल्या गिऱ्हाइकाला देईल, सरकारला ती मुभा नाही. संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदाने समतेची हमी दिली आहे आणि ती मक्ता देतानाही लागू आहे. सरकारने जे माप जाहीर केले, त्याच मापाने त्याने मोजले पाहिजे.

आता तुमच्या लक्षात येईल की मी सांगितलेला तिसरा माणूस कोण. तो त्या सहा जणांत नाहीच. तो घरी बसला होता. त्याने जाहिरात वाचली, अट वाचली, स्वतःशी म्हणाला, ‘आपली नोंदणी नाही, आपण कशाला अर्ज करा?’ आणि वर्तमानपत्र घडी करून ठेवले. त्या माणसाला ठाऊक असते की अट नावापुरतीच आहे, तर तोही आला असता. कदाचित त्याने सात हजार देऊ केले असते. अट पाळणारा घरी राहिला आणि अट न पाळणाऱ्याला मक्ता मिळाला. ज्याने नियमावर विश्वास ठेवला तोच ठकला. सरकारी व्यवहारातला याहून वाईट अन्याय शोधून सापडायचा नाही, कारण तो माणूस तक्रारसुद्धा करीत नाही. आपल्यावर अन्याय झाला हे त्याला कळतच नाही!

प्रामाणिकपणे सांगायचे तर या खटल्याचा शेवट गोड झाला नाही. अर्जदाराने न्यायालयात यायला पाच महिन्यांहून अधिक उशीर केला होता. दरम्यान मक्तेदाराने बराच खर्च करून काम सुरू केले होते. शिवाय अर्जदाराचा स्वतःचा खरा संबंध काही दिसत नव्हता, त्याच्यामागे दुसरेच कुणी असावे असे न्यायालयाला वाटले. म्हणून तत्त्व मान्य झाले आणि अर्ज मात्र फेटाळला गेला. यातही आपल्याला शिकवण आहे. अन्याय दिसला तर वेळेवर बोलावे आणि स्वतःच्या तोंडाने बोलावे.

श्रोतेहो, या तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या म्हणजे टेंडरच्या नियमांचा अर्थ आपोआप उलगडतो. जाहिरात का द्यायची? घरी बसलेल्यापर्यंत बातमी पोचावी म्हणून. लखोटा मोहोरबंद का? एकाचा भाव दुसऱ्याला कळू नये म्हणून. सर्वांचे लखोटे एकाच वेळी, बोली करणाऱ्यांच्या समोर का उघडायचे? मागाहून आकडा बदलता येऊ नये म्हणून. भाव मोठ्याने का वाचायचा? ऐकणारे साक्षीदार व्हावेत म्हणून. बयाणा का घ्यायचा? उगाच बोली करून पळणारा दूर राहावा म्हणून. आता मोठ्या कामांत लाखेच्या मोहोरेची जागा संगणकातल्या कुलपाने घेतली आहे, आणि केंद्र सरकारच्या खात्यांच्या खरेदीसाठी २०१६ पासून एक संगणकीय बाजारपेठही उघडली आहे. कुलूप बदलले, पण कुलपाचे कारण तेच आहे.

अर्थात नियम जितके जुने, तितक्याच त्यातून निसटण्याच्या वाटाही जुन्या. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाचा पैसा खाण्याचे चाळीस प्रकार मोजून दिले आहेत. आजच्या वाटा ओळखायला मात्र चाळीस लागत नाहीत, चार पुरतात.

पहिली वाट अशी की एका मोठ्या खरेदीचे लहान लहान तुकडे करायचे, म्हणजे प्रत्येक तुकडा जाहिरातीच्या मर्यादेखाली राहतो. दुसरी, तीन दुकानांची दरपत्रके आणायची, पण तिन्ही एकाच हाताने लिहिलेली. तिसरी, अट अशी घालायची की ती एकाच्याच अंगाला बसावी, जणू शिंप्याने त्याचेच माप घेतले आहे. आणि चौथी, भाव अगदी कमी लावून काम घ्यायचे, आणि मग माल हलका द्यायचा किंवा काम अर्धवट असताना वाढीव बिल लावायचे. म्हणून सर्वांत स्वस्त ते सर्वांत चांगले, असेही नाही. बैलाचा भाव कमी आहे म्हणून आपण लंगडा बैल घेतो का? मालाची प्रत आधी ठरवावी, लिहून ठेवावी, आणि त्या प्रतीत बसणाऱ्यांमध्ये मग स्वस्त कोण ते पाहावे.

कधी पूर येतो, कधी साथ येते, तेव्हा जाहिरात देऊन थांबायला सवड नसते. त्या वेळी थेट खरेदी करावीच लागते आणि नियमांतही तशी सोय असते. पण तेव्हा कारण लिहून ठेवावे लागते. घाई ही नियम ओलांडण्याची मुभा आहे, हिशोब लपवण्याची नव्हे.

मग या वाटांवर पहारा कुणी ठेवायचा? तपासनीस आहेत, लेखापरीक्षक आहेत, १९६४ साली स्थापन झालेला केंद्रीय दक्षता आयोग आहे. पण गावातली बाके मोडकी आहेत हे दिल्लीहून दिसत नाही. ते त्या बाकावर बसणाऱ्याला दिसते. म्हणून शेवटी राजस्थानातल्या एका गावची हकीकत सांगतो.

तेव्हा पाली जिल्ह्यात मोडणारे कोटकिराना नावाचे गाव आहे. २ डिसेंबर १९९४ रोजी तिथे मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई भरवली. म्हणजे केले काय? सरकारी कामांचे कागद मिळवले, हजेरीपट मिळवले, आणि गावासमोर मोठ्याने वाचले. इतकेच! जे लोक कधी कामावर गेले नव्हते त्यांची नावे हजेरीपटावर होती, आणि नावापुढे मजुरी दिल्याची नोंद होती. माणूस समोर उभा आहे आणि कागद त्याच्याविषयी खोटे बोलतो आहे. कुठल्या तपासनिसाला जे वर्षभरात सापडले नसते, ते एका दुपारी सापडले. पुढे १९९६ साली ब्यावर येथे लोकांनी चाळीस दिवस धरणे धरले. मागणी एकच होती, आमच्या पैशाच्या हिशोबाचा कागद आम्हांला द्या. अशा चळवळींतून माहितीच्या अधिकाराचा कायदा घडला. महाराष्ट्रात २००२ साली एक कायदा आला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा अमलात आला. आज दहा रुपये भरून साध्या कागदावर अर्ज करता येतो, आणि एरवी तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे.

बर्कने जे वेस्टमिन्स्टरच्या भव्य सभागृहात केले, तेच कोटकिरानाच्या लोकांनी उघड्यावर केले. कागद उजेडात आणून वाचला.

गुरुजनहो, तुम्हांला एक विनंती आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला एकदा वर्गातच खरेदी करून पाहा. शाळेसाठी खडूची पेटी घ्यायची आहे असे समजा. मुलांनीच अटी लिहाव्यात, मुलांनीच लखोटे करावेत, आणि एका मुलाने उभे राहून भाव वाचावेत. मग एखादी अट गुपचूप बदला आणि काय होते ते बघा. वर्गात जो गलका होईल तीच समतेची खरी व्याख्या. दहा वर्षांच्या पोराला अन्याय चटकन कळतो. मोठे झाल्यावर आपण तो कळला नाही असे दाखवायला शिकतो.

आणि तुम्ही, मंडळी, पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा चार प्रश्न बरोबर न्या. जाहिरात कुठे लावली होती? लखोटे किती आले? ते कुणासमोर उघडले? आणि ठरलेली प्रत आणि आलेला माल यांचा मेळ कुणी घातला? भांडायला जाऊ नका, विचारायला जा. जो सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकारी सचोटीचा आहे, त्याला या प्रश्नांचा राग येणार नाही. उलट त्याच्या खांद्यावरचे ओझे हलके होईल, कारण सचोटीच्या माणसालाही साक्षीदार लागतात.

महाराजांना चिंता होती की लोक म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. आज राज्य आपलेच आहे. तेव्हा लोक काय म्हणतील, याची चिंता आता आपली आपणच करायची आहे. बाकावर बसणारे पोरही आपलेच, आणि बाकाचे पैसेही आपलेच.